पडद्यावरील पतंग आणि कलनशास्त्र : एक चिकित्सा

भोगी, संक्रांत व कर या तीन दिवसांत येवल्याच्या गच्चीवर आसारी धरणाऱ्या हाताला वाऱ्याचे गणित शिकवावे लागत नाही. तोच पतंग हौशी प्रोग्रामर संगणकीय खेळात आणू पाहतो, तेव्हा मात्र ते त्याला स्वतः लिहावे लागते. सोपी पळवाट म्हणजे पतंग साइन-वक्रावर डोलविणे. तो देखणा दिसतो. पण ढील दिली काय नि खेचला काय, त्याला फरक पडत नाही. त्यास चित्र म्हणावे, पतंग नव्हे.

वारा दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. दोरी ओढते, ढकलीत नाही. एवढ्या सामग्रीवर समीकरण उभे राहते, परंतु पाठ केलेल्या संकलनसूत्रांनी ते सुटत नाही. काळाचे लहान तुकडे पाडून पुढे सरकण्याची ऑयलरची पद्धत (1768) येथे कामी येते. आपल्या अध्यापनात तिला ‘अदमासे उत्तराची रीत’ एवढेच स्थान मिळते, आणि खरी मेख येथेच आहे. एका सेकंदाचे आवर्तन असलेले साधे आंदोलन या पद्धतीने सेकंदाला 60 चौकटींनी चालविल्यास त्याचा विस्तार दर सेकंदाला सुमारे 39 टक्क्यांनी वाढतो. ऊर्जा शून्यातून निर्माण होते! ही केवळ आकडेमोडीची चूक नव्हे; तो भौतिकशास्त्राचा भंग होय.

हौशी मंडळी यावर दर चौकटीला वेग 0.99 ने गुणण्याचा तोडगा काढतात. तो निकृष्ट आहे. सेकंदाला 60 चौकटी असल्यास सेकंदाअखेर वेग 55 टक्के उरतो, 30 असल्यास 74 टक्के. म्हणजे प्रयोगशाळेतील जुन्या संगणकावर हवा विरळ होते म्हणायची! वास्तविक आधी वेग बदलून त्या नव्या वेगाने स्थान काढले, एवढा दोन ओळींचा क्रम पालटला, तरी आंदोलनाची ती वाढ थांबते. हे का घडते, हा प्रश्न गणिताचा की भौतिकशास्त्राचा, या वादात तो कोणाच्याच तासाला येत नाही.

दोरीचा प्रश्न अधिक बिकट. तिला ताठ स्प्रिंग मानल्यास काळाचा तुकडा फारच लहान घ्यावा लागतो. थॉमस याकोबसेन यांनी 2001 मध्ये मांडलेली रीत येथे सरस ठरते : बिंदूंची साखळी करावी, वेर्लेच्या पद्धतीने बिंदू हलवावेत आणि दोन बिंदूंतील अंतर ठरावीक लांबीहून वाढले तरच ते मागे ओढावेत. अंतर कमी झाले तर काहीच करू नये, तीच ढील.