एकाच रंगाचा नकाशा

मराठ्यांचा इतिहास आज लोक सर्वांत जास्त पाहतात तो बखरीत नव्हे, ग्रंथातही नव्हे, तर एका नकाशात. सन १७५८, हिंदुस्थानचा आकार, आणि अटकेपासून तंजावरपर्यंत पसरलेला भगवा रंग. राज्याभिषेक दिनाला रायगडाकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या माणगाववरून जातात, तेव्हा तो फलकांवर दिसतो. एरवी मोबाइलवर फिरत असतो. आता अशा चित्रांना ‘इन्फोग्राफिक’ म्हणतात. चित्रातून इतिहास सांगण्याला माझा विरोध नाही. आक्षेप रंगाला आहे, तो भगवा आहे म्हणून नव्हे, एकच आहे म्हणून.

१७१९ च्या सनदा घ्या. दिल्लीकडून शाहू महाराजांना तीन वेगळ्या गोष्टी मिळाल्या: स्वराज्याचा मुलूख, दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि त्याच सुभ्यांची सरदेशमुखी, म्हणजे शेकडा दहा. पहिल्यात राज्य आहे, उरलेल्या दोहोंत वसुलाचा वाटा. ‘स्वराज्य’ आणि ‘मोगलाई’ हा फरक त्या काळच्या कारकुनाला शिकवावा लागत नसे. एका मुलखावर दोघांचा अंमल असला तर त्यालाही ‘दुअंमल’ हा शब्द होता. नकाशात यांपैकी कशालाच जागा नाही.

आमच्याच परिसराचे बघा. रायगड १६८९ मध्ये मोगलांकडे गेला. तो परत मिळायला १७३३ उजाडले. म्हणजे खानदेशापासून विजापूरपर्यंतच्या चौथाईचा हक्क कागदावर आला, तेव्हा खुद्द जुनी राजधानी हाती नव्हती! आणि माणगावहून दिवसभरात जाऊन येता येईल असा जंजिरा शेवटपर्यंत सिद्दींकडेच राहिला; ते संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. बहुतेक नकाशांत हा किनारा सरसकट रंगवलेला असतो.

उत्तरेकडे तर आणखी गोंधळ. रघुनाथरावांची फौज एप्रिल १७५८ मध्ये लाहोरला पोहोचली. पंजाबातला तो अंमल दोन वर्षेही टिकला नाही. पूर्वेला १७५१ च्या तहाने बंगालच्या नबाबाने वर्षाला बारा लाख चौथाई कबूल केली, पण बंगालवर राज्य त्याचेच राहिले. ओडिशा मात्र नागपूरकर भोसल्यांकडे १८०३ पर्यंत होता. पन्नास वर्षांचा कारभार आणि दोन वर्षांची स्वारी यांना एकच छटा दिली की पराक्रम मोठा दिसतो, पण पानिपत समजत नाही. अंमल पातळ कुठे होता हे न दाखवता १७६१ कसे समजावणार?

यावर उत्तर मिळते की मोबाइलवर पाच सेकंद पाहणाऱ्याला इतके बारकावे कळत नाहीत. हे मला पटत नाही. आमच्या तालुक्यातला शेतकरी सातबारा वाचतो. भोगवटादार कोण, कूळ कोण, इतर हक्कांत कोणत्या सोसायटीचा बोजा, हे त्याला चटकन दिसते, आणि बोजा असलेल्या सोसायटीला तो जमिनीची मालक म्हणत नाही. त्याला स्वराज्याला भरीव रंग, चौथाईला तिरक्या रेघा, स्वारीला नुसती ठिपक्यांची वाट आणि कोपऱ्यात साल असा नकाशा द्या. अर्थ लावायला त्याला वेळ लागणार नाही.

शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने १८६९ मध्ये नेपोलियनच्या रशियावरील स्वारीचे चित्र काढले. पट्ट्याची जाडी म्हणजे सैनिकांची संख्या: जाताना ४,२२,०००, परतताना १०,०००. नेपोलियन मॉस्कोत शिरला होता, तरी मिनारने रशिया फ्रान्सच्या रंगात रंगवला नाही. पानिपतच्या मोहिमेचे असे चित्र मराठीत कोणी मनावर घेऊन काढायला हवे. आकडे वादग्रस्त आहेत हे खरे. मग पट्ट्याच्या कडा पुसट ठेवाव्यात. तेही सांगणेच आहे.

ही सवय इतिहासापुरती नाही. निवडणुकीच्या निकालाचे नकाशेही मतदारसंघ विजेत्याच्या रंगाने काठोकाठ भरतात. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत आमचा रायगड त्यात शिवसेनेच्या रंगाचा. अनंत गीते यांना ३,९६,१७८ मते होती, सुनील तटकरे यांना ३,९४,०६८. फरक २,११० मतांचा, आणि तटकरे यांच्याशी नामसाधर्म्य असलेल्या एका अपक्षाला त्याहून कितीतरी जास्त मते पडली होती.