होकाराच्या शब्दावरून भाषांचे वर्गीकरण : दान्तेच्या निकषाची चिकित्सा

अभिजात लॅटिनमध्ये 'हो' या अर्थाचा एकच रूढ शब्द नव्हता. प्रश्नातील क्रियापदाची पुनरुक्ती करून किंवा 'सिक' (असे) यासारख्या अव्ययाने संमती दर्शविली जात असे. परिणामी रोमान्स भाषांत होकाराचे शब्द निरनिराळ्या मार्गांनी घडले. 'होक' (हे) यापासून दक्षिण फ्रान्समधील 'ओक', 'होक' व 'इल्ले' (तो) यांच्या संयोगातून उत्तरेकडील 'ओइल' व पुढे 'उई', तर 'सिक'पासून इटालियन 'सी' सिद्ध झाला.

चौदाव्या शतकाच्या प्रारंभी दान्तेने 'दे व्हुल्गारी एलोक्वेन्तिया' या ग्रंथात याच शब्दांवरून भाषांचे वर्गीकरण केले. रोमान्स भाषांपुरता हा निकष मार्मिक ठरतो. 'लांगदोक' हे प्रदेशनाम त्याची साक्ष देते. मात्र जर्मन, इंग्रज, स्लाव्ह व हंगेरियन अशा सर्वांना दान्ते 'यो' या एकाच होकाराखाली आणतो, तेथे हा निकष टिकत नाही. हंगेरियन होकार 'इगेन' असून ती भाषा इंडो-युरोपीय कुळातीलही नाही.

पुढे १५३९ च्या व्हिलेर-कोत्रे राजाज्ञेने न्यायालयीन लेखनासाठी फ्रेंच बंधनकारक केली आणि 'ओक' भाषेचे व्यवहारातील स्थान उत्तरोत्तर ढासळले. सारांश, होकाराच्या शब्दावरून भाषेची ओळख पटू शकते; तिचे कुळ किंवा भवितव्य मात्र त्यावरून ठरविता येत नाही.