अल-किंदी आणि आकाशाची कारणमीमांसा

बगदाद शहराचा पाया इ. स. ७६२ मध्ये जोशांनी काढून दिलेल्या मुहूर्तावर घातला गेला. खलिफा अल-मन्सूर याच्या हुकुमावरून नौबख्त हा इराणी आणि माशाअल्ला हा यहुदी, अशा दोन ज्योतिष्यांनी तो मुहूर्त ठरविला होता. ज्या राजधानीची पहिली वीटच ग्रहांच्या संमतीने बसली, तिच्या दरबारी फलज्योतिषाला मान, मुशाहिरा आणि मोक्याची जागा मिळावी यात नवल नव्हते. परंतु नवव्या शतकाच्या आरंभी या विद्येची प्रत्यक्ष अवस्था काय होती, हे पाहू गेल्यास तिच्या वैभवापेक्षा तिचे विस्कळीतपणच अधिक डोळ्यांत भरते. टॉलेमीची ग्रीक पद्धती, सासानी इराणातून आलेली गुरु-शनींच्या युतींवरून राजवंशांचे आयुष्य मोजण्याची रीत, हिंदुस्थानातील नवांश आणि हर्रानच्या नक्षत्रपूजकांच्या परंपरा असे चार प्रवाह एकाच पात्रात येऊन पडले होते. कोणत्या ग्रहाचे काय फळ, हे सांगणारे पुष्कळ होते. ते फळ कोणत्या कारणाने मिळते, हे विचारणारा मात्र विरळा.

तो प्रश्न विचारण्याचे धैर्य अबू यूसुफ याकूब इब्न इसहाक अल-किंदी याने केले. त्याचा काळ स्थूलमानाने इ. स. ८०० ते ८७० असा धरतात. बाप कूफ्याचा सुभेदार, कुळ किंदा नावाच्या जुन्या प्रतिष्ठित अरबी जमातीचे, आणि ग्रीक विद्येचा व्यासंग असा की पुढील पिढ्यांनी त्याला ‘अरबांचा तत्त्वज्ञ’ हीच पदवी दिली. तो स्वतः फारसे भाषांतर करीत नसावा. परंतु त्याच्याभोवती जमलेल्या भाषांतरकारांच्या मंडळाने ॲरिस्टॉटलची ‘तत्त्वमीमांसा’ अरबीत आणली, आणि प्लॉटिनसच्या ग्रंथाचा काही भाग ‘ॲरिस्टॉटलचे ईश्वरशास्त्र’ या चुकीच्या नावाने प्रसृत केला. त्या भाषांतरावर संस्कार किंदीनेच केले. खलिफा अल-मुतसिम यास अर्पण केलेल्या ‘प्रथम तत्त्वज्ञाना’त सत्य परक्या लोकांकडून आले तरी ते स्वीकारण्यात संकोच नसावा, अशी भूमिका घेऊन तो पुढे विश्व अनादि नाही असे प्रतिपादितो, कारण शरीर, गती आणि काल ही तिन्ही परस्परांशी बांधलेली असून तिन्ही सान्त आहेत. येथे तो ज्या ॲरिस्टॉटलला गुरू मानतो त्याच्याच विरुद्ध उभा राहतो, आणि माझ्या मते त्याचे खरे तेज येथेच दिसते.

हाच तत्त्वज्ञ जेव्हा ग्रहांकडे वळतो, तेव्हा तो कुंडलीपासून आरंभ करीत नाही. आरंभ करतो तो उन्हापासून. उत्पत्ती आणि विनाश यांचे निकटचे कारण कोणते, या विषयावरील त्याच्या निबंधात असे विवेचन येते की आकाशस्थ गोल स्वतः उष्णही नाहीत आणि शीतही नाहीत. परंतु त्यांच्या गतीमुळे खालची महाभूते घासली जाऊन तापतात, आणि सूर्याचा मार्ग विषुववृत्ताला तिरका असल्यामुळेच ऋतू होतात. तो मार्ग तिरका नसता तर उन्हाळा-हिवाळा नाही, धान्य नाही, प्राणी नाहीत. उष्ण देशांतील आणि थंड देशांतील लोकांची शरीरे व स्वभाव भिन्न का, याचेही उत्तर तो याच सूत्राने देतो. या सर्व व्यवस्थेवर ईश्वराचा अधिकार अबाधित राहावा म्हणून दुसऱ्या एका पत्रात तो आकाशाच्या फिरण्यालाच आज्ञापालन म्हणतो: कुराणात तारे व वृक्ष नमन करतात असे जे म्हटले आहे, त्याचा अर्थ ते नेमून दिलेले काम बिनचूक करतात, इतकाच. अत्यंत रेखीव अशी ही रचना आहे. कोणाही विचारी माणसाने तिच्यापुढे क्षणभर थांबावे.

परंतु क्षणभरच. सूर्यामुळे ऋतू होतात हे सिद्ध झाल्याने हरवलेली अंगठी कोणी चोरली हे ग्रह सांगतील, असे सिद्ध होत नाही. आणि प्रश्न व मुहूर्त यांवरील किंदीच्या चाळीस प्रकरणांच्या ग्रंथात नेमके असलेच प्रश्न आहेत. या दोहोंमधल्या दरीवर पूल टाकण्याचा एक प्रयत्न त्याच्या नावावर असलेल्या, आज केवळ लॅटिन रूपात उपलब्ध असलेल्या किरणविषयक ग्रंथात दिसतो. प्रत्येक वस्तू, किंबहुना प्रत्येक उच्चारित शब्दसुद्धा, सर्व दिशांना किरण फेकतो, आणि या किरणांच्या संमिश्रणातून घटना घडतात, असा तो सिद्धान्त. कल्पना भव्य आहे. पण जी सर्व काही स्पष्ट करू पाहते, तिची रुजुवात कोठे करावयाची? गंमत अशी की हाच किंदी किमयागारांवर कडाडून तुटून पडला. सोने करणे हे निसर्गाचे काम असून ते माणसाला साधावयाचे नाही, असे त्याने बजावले. किमयेला लावलेली कसोटी त्याने फलज्योतिषाला का लावली नाही, याचे समाधानकारक उत्तर मला त्याच्या लेखनात सापडत नाही. किमयागार तांबे बदलू पाहतो आणि ज्योतिषी केवळ वाचतो, हा भेद त्याला कदाचित पुरेसा वाटला असेल.

अरबांचे राज्य किती काळ टिकेल, यावरील त्याच्या पत्रात तर तत्त्वज्ञ जवळजवळ दिसेनासाच होतो. गुरु आणि शनी सुमारे २० वर्षांनी एकत्र येतात. त्या युती सुमारे २४० वर्षांनी राशींच्या एका त्रिकोणातून दुसऱ्या त्रिकोणात जातात, आणि अशा संक्रमणांच्या वेळी धर्म व राज्ये बदलतात, ही इराणी कल्पना त्याने घेतली व राज्याचे आयुष्य ६९३ वर्षे ठरविले. कुराणातील काही सुरांच्या आरंभी जी सुटी अक्षरे येतात, त्यांतील पुनरुक्ती वगळून उरलेल्या १४ अक्षरांच्या अंकमूल्यांची बेरीजही ६९३ च भरते. दोन वेगवेगळ्या वह्यांतली बाकी जुळली की कारकुनाला जे समाधान होते, तेच येथे झालेले असणार. बगदाद मंगोलांच्या हाती पडले ते हिजरी ६५६ मध्ये, म्हणजे ३७ वर्षे आधीच. चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने या आकड्याचा उल्लेख केला, तोवर बगदादची खिलाफत इतिहासजमा झाली होती.

किंदीच्या उत्तरायुष्यातील एक हकीकत अरबी चरित्रकार सांगतात. खलिफा अल-मुतवक्किल याच्या दरबारात मूसाचे पुत्र म्हणून प्रसिद्ध असलेल्या गणिती बंधूंनी चहाडी करून किंदीला मार देवविला व त्याचा ग्रंथसंग्रह जप्त करविला. पुढे त्याच बंधूंच्या देखरेखीखालील एका कालव्याचे मुख प्रमाणाबाहेर खोल खणले गेले, आणि मान जाण्याची वेळ आली. त्यांना वाचवू शकणारा एकच स्थापत्यज्ञ होता, सनद इब्न अली. त्याने अट घातली: आधी किंदीची पुस्तके परत करा. पुस्तके परत आल्यावर त्याने सांगितले की नदीला पूर असेतो चार महिने ही चूक झाकली जाईल, आणि ज्योतिष्यांच्या मते खलिफा तितके दिवस जगणार नाही. इ. स. ८६१ मध्ये मुतवक्किलचा खून झाला. हे भाकीत फलज्योतिषाच्या खात्यावर जमा करावे की राजवाड्यातील कटाच्या कुजबुजीच्या, ते वाचकाने ठरवावे.

किंदीमुळे या विद्येकडे वळलेला सर्वांत मोठा माणूस म्हणजे बल्खचा अबू मअशर. तो प्रथम किंदीचा कडवा विरोधक होता. गणिताच्या मार्गाने त्याला हळूहळू वळविले गेले आणि ४७ व्या वर्षी तो ज्योतिषी झाला. त्याचा ‘महाप्रवेश’ बाराव्या शतकात दोनदा लॅटिनमध्ये उतरला, आणि युरोपने फलज्योतिषाचे तत्त्वज्ञान मुख्यतः त्याच्याकडूनच घेतले.

पूर्वेकडे ही विद्या आली ती ताजिकाच्या, म्हणजे वर्षफल सांगणाऱ्या ज्योतिषपद्धतीच्या, रूपाने. मूळच्या विदर्भातील धर्मपुरच्या घराण्यातल्या नीलकंठ दैवज्ञाने शके १५०९ मध्ये, म्हणजे इ. स. १५८७ मध्ये, संस्कृतात रचलेली ‘ताजिकनीलकंठी’ उघडावी, की इत्थशाल, कंबूल, गैरकंबूल, मणऊ, सहम, मुथहा असे शब्द श्लोकांत बसलेले दिसतात. इत्तिसाल, कबूल, गैर कबूल, मनअ, सहम, इंतिहा हे बगदादच्या ज्योतिष्यांच्या रोजच्या व्यवहारातले शब्द होते. आपल्याकडील जोशी वर्षफल मांडताना ते आजही सहज उच्चारतो, आणि बहुधा संस्कृतच समजतो. शब्द आले, कोष्टके आली, योगांची सोळा नावेही आली. सूर्याचा मार्ग तिरका नसता तर काय झाले असते, हा प्रश्न तेवढा वाटेत कोठेतरी राहिला.