गोल झाला, पण थांबा

6 फेब्रुवारी 2016. लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर यजमान संघ संडरलंडविरुद्ध 2-0 असा पुढे होता. 77 वं मिनिट लागलं आणि हजारो प्रेक्षक जागा सोडून जिन्यांकडे चालू लागले. तेही संघ जिंकत असताना! पुढच्या मोसमापासून नव्या मेन स्टँडमधलं सर्वांत महाग तिकीट 77 पौंडांचं होणार होतं. तो आकडा त्यांनी मालकांना घड्याळावर दाखवला. ते गेले आणि उरलेल्या वेळात संडरलंडने दोन्ही गोल फेडले. सामना 2-2 सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली.

त्या दिवशी बाहेर पडलेली माणसं चिडलेली होती. चिडलेला माणूस भांडतो, कारण त्याची आशा शाबूत असते. आज इंग्लिश फुटबॉलचे जुने पाठीराखे बोलायला लागले की सुरात चीड कमी आणि शीण जास्त जाणवतो. सामना बघायचा राहिला तर चुटपुट लागत नाही. गोल झाला तरी हात वर जायला क्षणभर उशीर होतो. मैदानं मात्र भरलेली आहेत, प्रक्षेपणाचे करार फुगत चालले आहेत, खेळाडू पूर्वीपेक्षा वेगवान आणि तयारीचे आहेत. मग हा शीण कशाचा? ‘आमच्या वेळी’वाल्यांची कुरकुर म्हणून तो सोडून देता येईल का?

आधी त्या ‘आमच्या वेळी’चाच हिशेब करू. 15 एप्रिल 1989 रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. तिच्या बळींची संख्या 97. कुंपणाच्या जाळीमागे माणसं कोंडणं, काळ्या खेळाडूंवर केळी फेकणं, बायकांनी पाऊल टाकायला कचरावं अशी गर्दी, हेही जुन्या फुटबॉलचंच रूप होतं. लॉर्ड टेलर यांच्या 1990 च्या अहवालाने मोठ्या मैदानांवर सर्वांना बसायला खुर्ची हवी, असं सांगितलं. त्याने मैदानं सुरक्षित झाली, यात वाद नाही. तिकिटं मात्र कमी मिळकतीच्या प्रेक्षकाला परवडावीत, असंही टेलर यांनी सुचवलं होतं. खुर्च्या आल्या, परवडणं राहून गेलं. जुनं सगळं सोनं होतं असं म्हणायची गरज नाही. सुधारणा झाल्या आणि त्यांचं बिल कुणाच्या नावावर फाडलं गेलं, एवढं पाहिलं तरी पुरे.

1992 साली प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा प्रक्षेपणाचा पहिला करार पाच वर्षांसाठी 30 कोटी 40 लाख पौंडांचा होता. 2025 पासूनच्या चार वर्षांसाठी एकट्या ब्रिटनमधल्या हक्कांची किंमत 670 कोटी पौंड आहे. पैसा आला तसे मालकही बदलले. 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड विकत घेतला तो मोठ्या प्रमाणात कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर चढवून. म्हणजे आपलाच वाडा गहाण ठेवून कुणी तो विकत घ्यावा आणि हप्ते भाडेकरूंनी भरावेत, असा प्रकार. पुढे 2008 मध्ये मँचेस्टर सिटी अबुधाबीच्या सत्ताधारी घराण्याकडे गेला, 2021 मध्ये न्यूकॅसल सौदी अरेबियाच्या सरकारी निधीकडे.

या बदलाने चाहत्याला एक विचित्र शिक्षण दिलं. त्याला ताळेबंद वाचता येऊ लागला. 2023-24 च्या मोसमात एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट या संघांचे गुण आर्थिक नियम मोडल्याबद्दल कापले गेले. एव्हर्टनचे आधी 10, मग अपिलात ते 6 वर आले, नंतर आणखी 2 गेले. मँचेस्टर सिटीवर फेब्रुवारी 2023 मध्ये शंभराहून अधिक नियमभंगांचे आरोप ठेवले गेले आणि क्लबने ते नाकारले. पराभव पचवणं चाहत्याला जमतं, किंबहुना तो त्याचा पिढीजात धंदाच आहे. पण गुणतक्त्याचा निकाल वकिलांच्या खोलीत लागणार असेल, तर रविवारी घसा फोडून ओरडण्याला काय अर्थ उरतो?

ओरडण्याचा हा प्रश्न व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासण्याच्या पद्धतीने, अगदी मुळाशी नेला. फुटबॉलमध्ये धावांचा किंवा गुणांचा पाऊस पडत नाही. दीड तासात दोन-तीन गोल, कधी एकही नाही. त्या दुष्काळामुळेच गोलाच्या क्षणाला किंमत. अनोळखी माणसाच्या गळ्यात पडावं, चहाचा कप सांडावा आणि कुणी रागावू नये, असा तो क्षण. 2019-20 पासून प्रीमियर लीगमध्ये पडद्यामागचे पंच आले आणि या क्षणाला ‘तूर्तास’ हा शब्द चिकटला. आता चेंडू जाळ्यात गेला की माणूस आधी झेंडा बघतो, मग रेफ्रीचा कानाला लागलेला हात बघतो, मग वाट बघतो. मैदानात बसलेल्याला नेमकं काय तपासलं जातंय, हेही बराच वेळ कळत नाही; घरी सोफ्यावर बसलेल्याला कळतं.

एवढं सोसून न्याय तरी पदरात पडावा. 30 सप्टेंबर 2023 रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस दियाझचा गोल ऑफसाइड ठरवला गेला. तो ऑफसाइड नव्हता. पडद्यासमोरच्या पंचांना ते दिसलंही होतं. पण मैदानावर गोल दिलेला आहे असा त्यांचा समज झाला, म्हणून ‘तपासणी पूर्ण’ म्हणून ते मोकळे झाले. चूक लक्षात येईपर्यंत खेळ पुढे गेला होता आणि मागे फिरायची सोय नियमात नव्हती. जुना रेफ्री चुकायचा तेव्हा त्याच्या नावाने शंख करता येत असे. यंत्रणेच्या नावाने कसा करायचा? जून 2024 मध्ये वुल्व्ह्जने व्हीएआर बंद करण्याचा ठराव मांडला. वीस क्लबांपैकी एकोणीस विरोधात गेले, वुल्व्ह्ज एकटा पडला. मतदान क्लबांचं होतं. स्टँडमधल्यांचं घेतलं असतं तर आकडे असेच आले असते, असं मला वाटत नाही.

पैसा आणि व्हीएआर यांच्यानंतरची तिसरी झीज दुर्मिळतेची. चॅम्पियन्स लीग 2024 पासून 36 संघांची झाली आणि तिचे मुख्य फेरीपासूनचे सामने 125 वरून 189 वर गेले. 2025 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत 32 क्लबांचा विश्वचषक भरला. देशांचा विश्वचषक 2026 पासून 48 संघांचा आणि 104 सामन्यांचा. सप्टेंबर 2024 मध्ये सिटीचा मध्यरक्षक रॉड्री म्हणाला की सामन्यांच्या या ओझ्यापायी खेळाडू संपाच्या जवळ आले आहेत; काही दिवसांतच त्याचा गुडघा गेला. दिवाळी वर्षातून एकदा येते म्हणून फराळाची चव टिकते. रोज चकली समोर आली तर जिभेला दोष देऊन चालत नाही.

आता खुद्द मैदानावरच्या कलेकडे येऊ, कारण खरी समीक्षा तिची व्हायला हवी. जॅक ग्रीलिश अ‍ॅस्टन व्हिलाकडून खेळायचा तेव्हा मोजे घोट्याजवळ घसरलेले असायचे आणि चेंडू पायात आला की समोरच्याला तो अंगावर घ्यायचा, हुलकावणी द्यायचा, पडायचा, उठायचा. 2021 मध्ये सिटीने त्याला 10 कोटी पौंडांना घेतलं. 2023 मध्ये त्याच्या नावावर एकाच मोसमात तीन मोठी विजेतेपदं लागली. तिथे त्याचं काम मात्र चेंडू राखायचं, वेग उतरवायचा आणि सुरक्षित माणसाकडे परत द्यायचं. करंडकांच्या हिशेबात तो यशस्वी झाला, आणि त्याला बघायला म्हणून तिकीट काढणाऱ्याचं नुकसान झालं.

दोष ग्रीलिशचा सिटीतला प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला याचा म्हणता येत नाही. त्याचा बार्सिलोना बघणं हा या शतकातला निर्मळ आनंद होता. अडचण नकलेची आहे. त्याची पद्धत प्रत्येक अकादमीत पाठ्यपुस्तकासारखी शिकवली गेली: गोलरक्षकापासून खेळ बांधायचा, ठरलेल्या चौकटीत उभं राहायचं, हुकमी संधी आल्याशिवाय गोलकडे मारायचं नाही. लांबून मारलेला फटका आकडेवारीत तोट्याचा ठरला, म्हणून तो कमी झाला. अर्जेंटिनाच्या रिकेल्मेसारखा संथ, लहरी दहा नंबरचा खेळाडू आता कुठल्याच आराखड्यात बसत नाही. घराण्याची शिस्त गाण्याला लागतेच. पण बंदिश संपल्यावर गायकाने कुठली तान घ्यायची हेही गुरूने कागदावर लिहून दिलं, तर मैफलीला कशाला जायचं? या शिस्तीवर उतारा म्हणून अलीकडे कॉर्नरच्या कसरती आणि लांब थ्रो-इन यांना भाव आला आहे. त्यातही कसब आहे, पण ते कवायतीचं.

कला मेली असं मात्र नाही. 2024 च्या युरो उपांत्य सामन्यात स्पेनच्या सोळा वर्षांच्या लामिन यमालने फ्रान्सविरुद्ध दुरून वळवून मारलेला गोल कुठल्याही आकडेवारीने सुचवला नसता. त्या रात्री कुणी थकलेलं नव्हतं.

आपण, म्हणजे पुण्या-मुंबईत, मडगावात किंवा कोल्हापुरात टीव्हीसमोर बसणारे, या गोष्टीत निव्वळ प्रेक्षक नाही. 2022 पासूनच्या तीन वर्षांत प्रीमियर लीगच्या परदेशी हक्कांचं मूल्य पहिल्यांदाच ब्रिटनमधल्या हक्कांच्या वर गेलं. शनिवारी दुपारी साडेबाराचा सामना आपल्याला संध्याकाळच्या चहाबरोबर मिळतो. त्याच सामन्यासाठी परगावच्या पाठीराख्याला पहाटेची गाडी पकडावी लागते. आणि दुपारी तीनचे सामने आपण आरामात थेट बघतो, ब्रिटनमध्ये ते थेट दाखवायला बंदी आहे. त्यांचा शीण आणि आपली सोय एकाच वेळापत्रकात छापलेली आहे.

आपल्या घरचा अनुभव वेगळा नाही. पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवणारा डेम्पो, तसेच साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या गोव्याच्या संघांनी 2016 मध्ये राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं, कारण नव्या आराखड्यात इंडियन सुपर लीग या पैशाच्या लीगला वरचं आणि त्यांना खालचं पान वाढलं होतं. 2014 मध्ये जन्मलेला एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंद पडला. त्याची जागा हैदराबादला मिळाली आणि 2025 मध्ये हैदराबादची दिल्लीला. बालेवाडीत नारिंगी शर्ट घालून जाणाऱ्या पोरांना कुणी विचारलं नाही. याउलट कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठच्या पेठ मागे उभी असते. तिथे हुल्लड होते, भांडणं होतात, खेळाचा दर्जाही युरोपशी तोलायचा नाही. पण पेठेचा संघ रातोरात दुसऱ्या शहरात नेता येत नाही.

इंग्लंडमध्ये विम्बल्डन हा क्लब मात्र असा हलवता आला होता. 2002 मध्ये तो लंडनहून मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली. पाठीराख्यांनी काही आठवड्यांत एएफसी विम्बल्डन नावाचा स्वतःचा क्लब काढला, खालच्या लीगपासून सुरुवात केली आणि 2011 मध्ये व्यावसायिक लीग गाठली. जर्मनीत ‘50 अधिक 1’च्या नियमामुळे, काही अपवाद सोडता, क्लबमधली बहुसंख्य मतं सभासदांकडे राहतात. तिथल्या लीगने बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं ठरवलं तेव्हा स्टँडमधून टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटची नाणी मैदानात पडू लागली. फेब्रुवारी 2024 मध्ये लीगने बेत सोडला. स्वीडनमध्येही क्लब सभासदांच्या हाती आहेत, म्हणून तिथल्या लीगने व्हीएआर स्वीकारलंच नाही. या नियमाने सगळे रोग बरे होत नाहीत. त्याच जर्मनीत बायर्नने 2013 पासून सलग अकरा वेळा लीग जिंकली. तरीही तिथला चाहता भांडताना दिसतो, कंटाळून घरी बसलेला नाही. इंग्लंडमध्येही एप्रिल 2021 मध्ये युरोपियन सुपर लीगची घोषणा झाली तेव्हा लोक चेल्सीच्या मैदानाबाहेर रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत तिच्यात सामील झालेले सहाही इंग्लिश क्लब मागे फिरले.

त्यामुळे माझं निदान असं आहे: चाहता फुटबॉलला विटलेला नाही, निरुपायाला विटला आहे. बाकीच्या धंद्यात गिऱ्हाईक नाराज झालं की दुकान बदलतं. क्लब बदलता येत नाही, आणि ही निष्ठा मालकांनी हमखास उत्पन्न म्हणून वहीत मांडली. जिथे त्या निष्ठेला मताचा हक्क जोडलेला आहे तिथे ती ताजी राहते. जिथे तिच्यापुढे नुसतं यंत्र असतं आणि तिकिटाचा दर, तिथे ती शिणते. 2025 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमला आहे. त्याची परीक्षा या एकाच प्रश्नावर व्हावी: चाहत्याला त्याने मत दिलं, की नुसतं ऐकून घेतलं?

1885 साली स्थापन झालेला आणि दोनदा एफए कप जिंकलेला बरी हा क्लब मालकाच्या आर्थिक गोंधळामुळे ऑगस्ट 2019 मध्ये लीगमधून काढला गेला. 2023 मध्ये चाहत्यांच्या दोन संघटना मतदान करून एकत्र आल्या आणि क्लब आपल्या गिग लेन मैदानावर परतला. लीग नवव्या पायरीवरची होती. तिथे व्हीएआर नव्हतं.