जेटी खिडकीशी का गेला? एका कुत्र्यावरचे दोन शोधनिबंध वाचताना

आमच्या गावच्या घरी बंड्या नावाचा कुत्रा होता. बाबा एसटीत कंडक्टर. ड्युटीची वेळ रोज वेगळी. आई सांगायची, "बंड्या ओट्यावर जाऊन बसला की मी चहाचं आधण ठेवते. पाच-दहा मिनिटांत हे येतातच." घरी कोणालाही यात शंका नव्हती. पीएचडीला प्रवेश घेतल्यावर सुट्टीत गेलो आणि नवीनच लागलेल्या सवयीनं आईला विचारलं, "बंड्या ओट्यावर बसला आणि बाबा आलेच नाहीत, असं किती वेळा झालं?" ती म्हणाली, "अरे, त्या दिवसांचं कोण लक्षात ठेवतं?"

आजचा लेख या एका वाक्याबद्दल आहे असं समजा. पण आईला मध्ये न आणता आपण एका खऱ्या पुस्तकाकडे आणि त्यावरून झालेल्या भांडणाकडे बघू. तुमच्यापैकी जे पेट देऊन पुढे सिनॉप्सिस लिहिणार आहेत, त्यांनी दोन्ही बाजूंचे निबंध मुळातून वाचावेत असं मला वाटतं. संशोधन पद्धतीच्या पेपरात जे दहा मुद्दे पाठ करतो, त्यातले निम्मे इथे एका कुत्र्याच्या भोवती जमलेले दिसतात.

पुस्तक आणि माणूस

रूपर्ट शेल्ड्रेक यांचं मालक घरी कधी येणार हे ओळखणाऱ्या कुत्र्यांवरचं पुस्तक 1999 साली आलं. प्राण्यांना दूरच्या मालकाचा मृत्यू, अपघात, परत येण्याचा विचार कळतो का, हा त्याचा विषय. आपल्याकडे रात्री कुत्रं रडायला लागलं की "कोणाचं तरी काही बरं दिसत नाही" म्हणतात, तोच हा प्रांत.

शेल्ड्रेक भोंदू नाहीत, हे आधी लक्षात घ्या. केंब्रिजमध्ये शिकलेला हा वनस्पतीशास्त्रज्ञ. 1974 पासून हैदराबादजवळच्या पटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत त्यांनी तूर आणि हरभऱ्यावर काम केलं. पुढे तमिळनाडूतल्या एका आश्रमात राहून त्यांनी पहिलं पुस्तक लिहिलं. 1981 साली ते आलं तेव्हा 'नेचर'नं अग्रलेख लिहून हे पुस्तक जाळण्याच्या लायकीचं आहे का, असा सवाल केला. त्या अग्रलेखानं पुस्तकाचं काही वाकडं झालं नाही, उलट लेखकाला हौतात्म्य मिळालं. टिंगल करणं सोपं असतं, पण ती परीक्षणाची जागा घेऊ शकत नाही, एवढं यातून शिकायचं.

जेटीची गोष्ट

पुस्तकातला नायक म्हणजे जेटी, इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या रॅम्सबॉटम गावचा टेरिअर जातीचा मिश्र कुत्रा. मालकीण कामावर गेली की तो तिच्या आईवडिलांकडे असायचा. ती ऑफिसातून निघायच्या सुमारास हा खिडकीशी जाऊन बसतो, असं त्यांच्या लक्षात आलं. पुढे तिची नोकरी गेली, येण्याजाण्याची ठरलेली वेळ राहिली नाही, तरी जेटीचं खिडकीशी जाणं चालूच राहिलं. ऑस्ट्रियाच्या टीव्हीनं त्याचं चित्रीकरण केलं आणि जेटी प्रसिद्ध झाला.

मग दोन गट कामाला लागले. रिचर्ड वाइजमन, मॅथ्यू स्मिथ आणि ज्युली मिल्टन या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये चार प्रयोग केले. निघण्याची वेळ यादृच्छिक पद्धतीनं ठरवायची, ती घरी कोणाला सांगायची नाही, आणि कॅमेरा सतत खिडकीवर. त्यांनी निकष असा ठेवला: बाहेर काही कारण दिसत नसताना जेटी पहिल्यांदा खिडकीशी जातो ती वेळ मालकीण निघण्याच्या वेळेशी जुळते का? जुळली नाही. जेटी त्याआधीच जाऊन यायचा. 1998 साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी'त निबंध आला आणि वर्तमानपत्रांच्या लेखी विषय संपला.

शेल्ड्रेक यांच्या लेखी संपला नाही. मालकिणीबरोबर त्यांनी शंभराहून जास्त प्रयोगांचं चित्रीकरण केलं आणि 2000 साली 'जर्नल ऑफ सायंटिफिक एक्स्प्लोरेशन'मध्ये निबंध दिला. मालकीण किमान 7 किलोमीटर दूर असायची, म्हणजे गाडीचा आवाज ऐकू येण्याचा प्रश्न नाही. टेपा तपासणाऱ्याला ती कधी निघाली हे माहीत नसायचं. यादृच्छिक वेळेच्या प्रयोगांतला आकडा असा: ती बाहेर असतानाच्या मुख्य काळात जेटी 4 टक्के वेळ खिडकीशी, आणि ती परत येत असताना 55 टक्के वेळ. वर त्यांचं म्हणणं असं, की वाइजमन यांच्या स्वतःच्या टेपांतही हाच नमुना दिसतो.

आता तुम्ही काय म्हणाल? 4 आणि 55. माझ्या वर्गमित्रानं हा आकडा बघून सरळ सांगितलं, "यार, हे तर सिद्धच झालं."

आकड्याच्या पोटात शिरू

कागद घ्या. एक काल्पनिक कुत्रा धरू, ज्याला काहीही अतींद्रिय कळत नाही. मालकीण गेल्यापासून जसा वेळ जातो तसा तो जास्त अस्वस्थ होतो, एवढंच. पहिल्या तासात खिडकीशी 0 मिनिटं, दुसऱ्यात 3, तिसऱ्यात 12, आणि चौथ्या तासात निम्मा वेळ म्हणजे 30 मिनिटं. मालकीण बरोबर तीन तासांनी निघाली आणि 20 मिनिटांत पोचली. मुख्य काळ 180 मिनिटांचा, त्यात खिडकीशी 15 मिनिटं: साधारण 8 टक्के. परतीचा काळ 20 मिनिटांचा, त्यात 10 मिनिटं: 50 टक्के.

8 विरुद्ध 50! आणि कुत्र्याला काहीही माहीत नव्हतं.

असं का झालं? परतीचा प्रवास हा नेहमी सगळ्यात शेवटी येतो. निघण्याची वेळ चिठ्ठी टाकून ठरवली तरी तो शेवटीच येणार. यादृच्छिक वेळ निवडल्यानं "कुत्र्याला रोजची वेळ पाठ आहे" ही शंका जाते, पण "वाट बघण्याचा वेळ वाढला म्हणून अस्वस्थता वाढली" ही शंका जात नाही. या दोन वेगळ्या शंका आहेत. तुमच्या प्रस्तावात 'यादृच्छिक निवड' हा शब्द घालून तुम्ही मोकळे होत असाल तर थांबा. ती नेमकी कोणती शंका दूर करते, हे एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे.

पण इथेच थांबून टाळ्या घेणंही बरोबर नाही. शेल्ड्रेक यांना ही शंका माहीत होती. कमी, मध्यम आणि जास्त वेळ बाहेर राहिल्याच्या संध्याकाळी त्यांनी वेगवेगळ्या मांडल्या. ज्या संध्याकाळी मालकीण येणारच नव्हती, अशा नियंत्रण चाचण्याही केल्या आणि त्यांत जेटी वेळेबरोबर जास्त जास्त खिडकीशी गेला नाही, असं नोंदवलं. हे उत्तर योग्य दिशेचं आहे, आणि परीक्षणात ते गाळणं हा अप्रामाणिकपणा ठरेल.

तरी माझ्या मते या उत्तराला दोन ठिकाणी तडा जातो. एक, नियंत्रण संध्याकाळ आणि प्रयोगाची संध्याकाळ घरच्यांना सारखीच वाटायला हवी. "आज ती येणार नाही" हे घरात कोणाला ठाऊक असेल, तर बोलणं, जेवणाची तयारी, दाराकडे बघणं सगळंच बदलतं. बर्लिनचा गणित सोडवणारा घोडा हान्स आठवा. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवलं की तो प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत होता. टेप तपासणारा अनभिज्ञ असणं पुरेसं नाही, कुत्र्याशेजारी बसलेला माणूसही अनभिज्ञ हवा, आणि तोही प्रत्येक संध्याकाळी.

दुसरा तडा मोठा आहे. निबंधाच्या सारांशातच म्हटलंय की जेटीचं वाट बघणं बहुधा मालकीण निघण्याच्या थोडं आधी सुरू व्हायचं. आता मूळ दावा आठवा: ती निघते तेव्हा त्याला कळतं. आधी सुरू झालं, तर म्हणायचं की तिच्या मनात निघायचं आलं तेव्हा कळलं. निघण्याची वेळ घड्याळावर लिहिता येते. मनात कधी आलं ते कोणत्या घड्याळावर लिहिणार? मोजायचा क्षण असा मागे सरकू शकला, की आधीची कोणतीही हालचाल दाव्यात बसवता येते. गृहीतक चुकीचं ठरण्याची वाट बंद झाली की ते भक्कम झाल्यासारखं वाटतं, पण झालेलं असतं उलटं.

दुसऱ्या बाजूचीही तपासणी

वाइजमन गटाचं काम नेटकं आहे. दावा काय, तो कशानं खोटा ठरेल, हे आधी ठरवलं आणि मग कॅमेरा लावला. तरी माझ्या दोन तक्रारी आहेत. पहिली, 'पहिल्यांदा गेला ती वेळ' हा निकष टीव्हीवरच्या दाव्याची परीक्षा घेतो, कुत्र्याच्या वागण्याची नाही. जेटी एकदा मांजर बघायला गेला की त्या संध्याकाळचा बाकीचा सगळा डेटा बाद. नंतरच्या प्रयोगांत, ठरावीक वेळाहून जास्त थांबला तरच मोजायचं, अशी सुधारणा त्यांना करावी लागली ती यामुळेच. दुसरी, चार प्रयोगांवरून "या चाचणीत दावा टिकला नाही" एवढंच म्हणता येतं. वर्तमानपत्रांनी त्याचं "खोटं सिद्ध झालं" करून टाकलं, आणि आपण संदर्भ देताना बहुतेक वेळा वर्तमानपत्राचंच वाक्य उचलतो.

आणि त्यांच्या टेपांत तोच नमुना दिसतो, या शेल्ड्रेक यांच्या म्हणण्याचं काय? दिसत असेलही. पण इतक्या थोड्या संध्याकाळींवरून 'शेवटच्या टप्प्याचा' प्रश्न सुटत नाही. वरच्या काल्पनिक कुत्र्यातही तोच नमुना दिसतो.

म्हणजे निकाल काय? एका कुत्र्यावरचं, त्याच्याच मालकिणीच्या सहलेखनातलं काम. जिज्ञासा जागवणारं, पण निष्कर्षाचं वजन न पेलणारं. टेलिपथी असू शकते, असं निबंध शेवटी म्हणतो. मी म्हणेन, त्याआधीच्या दोन-तीन पायऱ्या अजून चढायच्या राहिल्यात.

किस्से मोजताना

पुस्तकाचा बाकीचा मोठा भाग लोकांनी कळवलेल्या अनुभवांचा आहे, आणि इथे ते सर्वांत कमजोर आहे. आवाहन केल्यावर पत्र कोण लिहितं? ज्याच्या कुत्र्याला कळलं तो. ज्याचा कुत्रा सोफ्यावर घोरत पडला होता, तो पत्र लिहीत नाही. आईचं वाक्य पुन्हा वाचा. असे हजार किस्से जमवले तरी 'न झालेल्या' दिवसांचा रकाना रिकामाच राहतो. आणि तो रिकामा असताना कोणतीही टक्केवारी काढता येत नाही.

संदर्भ देताना होणारी एक चूकही सांगून ठेवतो. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या एका शुश्रूषागृहातलं ऑस्कर नावाचं मांजर मरणासन्न रुग्णाजवळ जाऊन बसतं, असा लेख डॉ. डेव्हिड डोसा यांनी 2007 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लिहिला. पंचवीसहून अधिक मृत्यूंच्या वेळी ते हजर होतं, असं त्यात आहे. आता कोणीही लिहितं, "एनईजेएमच्या अभ्यासानुसार..." अहो, तो अभ्यास नाही, ललित अंगाचा लेख आहे! ऑस्कर किती खाटांवर बसलं आणि रुग्ण जगले, याचा तक्ता त्यात नाही. नियतकालिक मोठं असलं म्हणून त्यातलं प्रत्येक पान पुरावा होत नाही. संदर्भ देण्याआधी लेखाचा प्रकार बघा.

आणि बंड्या

बंड्याला जाऊन दोन वर्षं झाली. आई सांगते, अजून कधी कधी संध्याकाळी शहाबादी फरशीवर त्याच्या नखांचा आवाज येतो. शेजारच्या काकू म्हणतात, मुक्या जिवाचा आत्मा घर सोडत नाही.

मी काय बोलायचं? ऐकू येतं हे मी नाकारत नाही. डेवी रीस या डॉक्टरनं वेल्समधल्या 293 विधवा-विधुरांशी बोलून 1971 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिलं की जवळपास निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचं अस्तित्व जाणवत होतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी ते तोवर कोणाला सांगितलंही नव्हतं. तो अभ्यास माणसांचा आहे, कुत्र्यांचा नाही, त्यामुळे तो सरळ बंड्यावर चिकटवणं चूक होईल. पण त्यानं प्रश्न कसा विचारला, ते बघा. 'आत्मा आहे का?' हे त्यानं विचारलंच नाही. 'तुम्हाला काय जाणवतं, किती जणांना, आणि त्यानं बरं वाटतं की त्रास होतो?' हे विचारलं. या प्रश्नांना उत्तरं मिळू शकतात.

या विषयावर तुम्हाला खरंच काम करायचं असेल, तर तुमच्या प्रस्तावाचा प्रश्न असा काहीतरी असू द्या. गाईड हसले तर रीस यांचा निबंध दाखवा. आणि बंड्यासारख्या दाव्याची चाचणी घ्यायची असेल, तर पहिल्या दिवसापासून दोन रकान्यांची वही करा: कुत्रा उठला तेव्हा माणूस आला का, आणि माणूस आला तेव्हा कुत्रा उठला होता का. दोन्ही 'नाही' जास्त काळजीपूर्वक लिहा, कारण तेच विसरले जातात.

आईला मी हे सगळं सांगितलं नाही. परवा फोनवर एवढंच विचारलं की आवाज आला की काय वाटतं. बराच वेळ बोलत होती. बाबांच्या चहाची वेळ झाली तेव्हा फोन ठेवला.