स्टीलची मोटार, लेगोचे ठोकळे आणि मातीचा बैल



विषय जाहीर झाल्यावर एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला विचारलं, "देऊळगाव राजात बसून परदेशी मोटारीच्या खेळण्यावर बोलायचं, ते कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी मोटार बघू.

मोटारीचं नाव डेलोरियन. नाव माहीत नसलं तरी चित्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं. १९८५ च्या 'बॅक टू द फ्युचर' या सिनेमातली, पंखासारखी दारं वर उघडणारी, काळात मागेपुढे जाणारी ती गाडी. तिच्या बॉडीला रंग नाही. चांगल्या भांड्यांना आपण जे ३०४ नंबरचं स्टील वापरतो, त्याचाच पत्रा. त्यामुळे व्हायचं ते झालं. हात लावला की बोटं उमटतात, आणि पोचा आला तर लांबी भरून वरून रंग मारायची सोय नाही. डिझाईन जॉर्जेत्तो जुजारो या इटालियन माणसाचं. त्याच माणसाची फियाट उनो नव्वदच्या दशकात आपल्याकडे रस्त्यावर होती, म्हणजे त्याचा हात तुम्ही नकळत पाहिलेला आहे.

आता समीक्षकाने खरं बोलायचं, तर स्पोर्ट्स कार म्हणून ही गाडी बेताचीच. इंजिन मागे, सहा सिलिंडरचं, अमेरिकेत विकलेल्या गाडीत ताकद १३० हॉर्सपॉवर. ताशी ६० मैलांचा वेग गाठायला दहा सेकंदांच्या आसपास लागायची. किंमत मात्र २५ हजार डॉलर, तीही १९८१ साली. आणखी एक गंमत बघा. त्या काळच्या अमेरिकी नियमामुळे तिच्या स्पीडोमीटरवरचा आकडा ८५ मैलांवर संपायचा, आणि सिनेमात काळ ओलांडायला ८८ मैल लागतात. म्हणून सिनेमावाल्यांना आपला वेगळा काटा बसवावा लागला. ८८ मैल म्हणजे साधारण १४२ किलोमीटर. आपल्या शेजारी सिंदखेड राजावरून जाणाऱ्या समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे. ती पाळली तर कालप्रवास काही होणार नाही. (हशा)

मग एवढं वेड कशाचं? मला वाटतं, या गाडीचा सिनेमा व्हायच्या आधीच तिचा शेवट झाला होता, त्याचं. उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टच्या वेशीवर डनमरी नावाचं ठिकाण आहे. तिथे कारखाना उभा राहिला तो ब्रिटिश सरकारच्या पैशातून. भाग बेकारीचा आणि कॅथलिक-प्रोटेस्टंट हिंसाचाराचा. कारखान्यात अडीच हजारांच्या आसपास लोक कामाला लागले, आणि बाहेर एकमेकांच्या वस्तीत पाऊल न टाकणारी माणसं आत एकाच लाईनवर उभी राहिली. १९८१ ला उत्पादन सुरू झालं आणि १९८२ संपता संपता बंदही झालं. मालक जॉन डेलोरियन यांना ऑक्टोबर १९८२ मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली, १९८४ मध्ये ते निर्दोष सुटले. पण तोवर कारखान्याला कुलूप लागलं होतं. एकूण गाड्या बनल्या सुमारे ९ हजार. सिनेमा आला तो त्यानंतर.

आता ठोकळ्यांकडे येऊ. लेगोने या गाडीचा संच २०१३ मध्ये काढला, ४०१ तुकड्यांचा. मूळ कल्पना चाहत्यांकडून आली होती. पण त्याच्या बॉनेटला पायऱ्या पडल्या होत्या, आणि डेलोरियनचं सौंदर्य तर त्या सपाट उतारातच आहे. चाहत्यांनी नाकं मुरडली, आणि ते बरोबर होतं. २०२२ मध्ये दुसरा संच आला, १,८७२ तुकड्यांचा. हे काम मनापासून झालेलं आहे. उतार सलग दिसतो, दारं वर उघडतात, चाकं आडवी दुमडली की गाडी उडायला तयार. तिन्ही सिनेमांतली तिन्ही रूपं एकाच संचातून करता येतात, फक्त एका वेळी एक. उणीव दिसते ती रंगात. स्टीलची चकाकी करड्या प्लास्टिकला येत नाही.

पण माझी खरी तक्रार रंगाची नाहीये. तिन्ही रूपं सिनेमातली आहेत. डनमरीच्या फाटकातून बाहेर पडली ती साधी गाडी या तिन्हींत नाही. सोबत दोन बाहुल्या मिळतात, डॉक आणि मार्टी. पत्रा वाकवणारा, दार बसवणारा कुणी नाही. एकेक तुकडा जोडताना आपल्याला वाटतं, गाडी कशी बनते ते कळलं. कळतं ते इतकंच, की मॉडेल कसं बनतं.

कुणी म्हणेल, अहो, खेळणं आहे ते, इतिहासाचं पुस्तक नाही. मान्य. म्हणून मी तुलना खेळण्याशीच करतो. पोळ्याला आपण मातीचे बैल करतो. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत नेतात. हीसुद्धा मॉडेलंच की! मातीच्या बैलाचं शिंग वाकडं, पाय तोकडे, प्रमाणाच्या नावाने आनंद. पण त्या बैलामागे गोठ्यातला खरा बैल उभा असतो. आदल्या दिवशी त्याचे खांदे मळलेले असतात, त्याला जेवणाचं आवतण दिलेलं असतं. पोराला पुस्तिका न वाचता कळतं की या जनावराने वर्षभर राबून आपल्याला पोसलंय. कारागिरीत लेगोची गाडी कितीतरी पुढे आहे. आठवण ठेवण्यात मातीचा बैल पुढे आहे.

हौसेला हसू नका, हेही सांगतो. टेक्सासमधल्या एका कंपनीने कारखान्यात उरलेले सुटे भाग विकत घेतले, म्हणून आजही जुन्या डेलोरियन दुरुस्त होतात, चालतात. हौशी माणसं नसती तर त्या केव्हाच भंगारात गेल्या असत्या. हौस वाईट नाही. ती सिनेमापाशी थांबते, तेवढंच खटकतं.

आता त्या गृहस्थांना उत्तर. आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियर पद्मिनी निघायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा आपण सगळ्यांनी काळ्या-पिवळ्या रंगाचे फोटो टाकले, हळहळलो. कुर्ल्यात ती जोडणाऱ्या माणसांबद्दल किती जण बोललो? मीही नाही बोललो. डेलोरियनबद्दल मी लेगोला जे विचारतोय, ते आधी आपल्यालाच विचारायला हवं, म्हणून हा विषय इथे.

इथल्या पोरांना एकच सांगणं. संच मिळाला तर जरूर जोडा, पुस्तिकेप्रमाणे नीट जोडा. मग मोडा, आणि त्याच तुकड्यांतून पद्मिनी करून बघा. पुस्तिका नसेल, छत नीट बसणार नाही. तेव्हा गावातल्या एखाद्या जुन्या मेकॅनिककाकांकडे जा आणि विचारा, ती आतून कशी होती. ते सांगतील, आणि गाडीबरोबर माणसांचंही सांगतील.

आता प्रश्न घेऊ.