शून्य गुणांची मॅच

गेल्या महिन्यात कॅम्पस इंटरव्ह्यूच्या फॉर्मवर मी एका मुलाबद्दल लिहिलं, 'कोडिंग उत्तम, बोलण्यात कच्चा.' तो रिजेक्ट झाला. त्या रात्री स्टीफन करीच्या कॉलेजातल्या जुन्या मॅचेस बघत बसलो होतो, आणि फॉर्म काही डोक्यातून जाईना.

2009च्या एनबीए ड्राफ्टआधी करीबद्दलचे शेरे याच साच्यातले होते. जमेची बाजू, नेम. डेव्हिडसनसारख्या छोट्या कॉलेजकडून 2008-09मध्ये मॅचमागे 28.6 गुण, देशात सर्वाधिक. उणी बाजू, किडकिडीत अंग, बेताची चपळाई, कच्चा बचाव. शिवाय तो खरा पॉइंट गार्ड नाही, म्हणजे खेळ रचण्यापेक्षा स्वतः शॉट मारणारा. मिनेसोटाने पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर लागोपाठ दोन पॉइंट गार्ड घेतले. करी त्यात नव्हता. सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेटने त्याला घेतलं. पुढे चार विजेतेपदं, दोनदा एमव्हीपी.

यावरून 'तज्ज्ञांना काही कळत नाही' असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. दोनच वर्षांनी ब्रिगम यंग विद्यापीठाचा जिमर फ्रेडेट आला. मॅचमागे 28.9 गुण, तोही देशात पहिला. त्याच्या बचावावर आणि चपळाईवर असेच आक्षेप होते. दहाव्या क्रमांकावर निवडला गेला, पण एनबीएत कधी स्थिरावला नाही. करीबद्दलची शंकाही अगदीच हवेतली नव्हती. घोट्याच्या दुखण्यामुळे 2011-12मध्ये तो फक्त 26 मॅच खेळू शकला.

मग चुकलं कुठे? मला वाटतं, उत्तर नोव्हेंबर 2008मधल्या लॉयोलाविरुद्धच्या मॅचमध्ये आहे. लॉयोलाने दोन खेळाडू सतत करीला चिकटवून ठेवले. करी सरळ कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. उरलेल्या कोर्टवर डेव्हिडसनचे चार, समोर तीन. करीचे गुण शून्य. डेव्हिडसन 78-48ने जिंकलं.

खेळ रचणं आपण पास मोजून ठरवतो. इथे एक पोरगा नुसता उभा राहून खेळ रचत होता, कारण त्याला मोकळं सोडायची कुणाची हिंमत नव्हती. फ्रेडेटला धोकादायक व्हायला बहुतेक वेळा चेंडू हातात लागायचा. करी चेंडूशिवायही धोकादायक होता. 28.6 आणि 28.9 या आकड्यांत हा फरक दिसत नाही. उण्या बाजूंची यादी खरी होती, पण त्याच्यामुळे बाकीच्या चौघांचं काय होतं, हा रकानाच त्या साच्यात नव्हता.

माझ्याही फॉर्मवर नव्हता. तो मुलगा अडखळत म्हणाला होता, "सर, प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन बाकीच्या तिघांनी केलं." मी पुढे विचारलंच नाही की ते तिघं कुणाच्या जिवावर उभे होते. पुढच्या इंटरव्ह्यूत विचारेन. त्याचा त्याला आता काही उपयोग नाही.